माइक कोण धरणार?

"सर, काकू गेल्या तरी तुम्हाला कॅमेरा धरवतो कसा?" मैत्रिणींनी पैज लावली होती, मग मी विचारलंच!

आमचे विज्ञानाचे सर शाळेतली नोकरी सोडून माहितीपट काढतात. रंगाच्या कारखान्याच्या आगीत त्यांची बायको गेली, माहितीपटही त्यावरच.

"तुझ्या बापाला विचार," सर खेकसले. "तिथला सुपरवायझर ना तो? दाराला बाहेरून कुलूप कुणी लावलं होतं? आता माझ्या माइकवाल्यालाही धमकावून पळवलंय."



घरी बाबांना कुलपाचं विचारलं. ते भरल्या ताटावरून उठले. आई ओरडली, "कार्टे, जिभेला काही हाड?"

"नाही," मी म्हटलं. "उद्यापासून सरांचा माइक मी धरणार. बाबा, पहिली मुलाखत तुमचीच."