देव पाण्यात घातले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनं तांब्याचं तपेलं आहे. भिवपुरीजवळच्या एका घरात, माळ्यावर उलटं घातलेलं. देव आहे की नाही हा वाद मोठमोठ्यांना सुटलेला नाही, तिथं मी भांडं काय बोलणार! पण देव माझ्या पोटात राहून गेलेत, एवढं मात्र खरं.

एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. त्या ठोक्यांच्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत आणि मला त्यांचा अभिमान वाटतो. पुतळाबाईनं मला कर्जतच्या बाजारातून डोक्यावर घेऊन घरी आणलं. एरवी माझं काम आंघोळीचं पाणी तापवण्याचं. चुलीवर बसून बसून मी काळंठिक्कर व्हायचं. पण घरावर संकट आलं की माझा मान वाढायचा. पुतळाबाई मला चिंच लावून लख्ख घासायची, पाणी भरायची आणि देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे देवांचे कोरीव पत्रे, आत ठेवून त्यांना बजावायची, “काम झाल्याबिगर भायेर काढायची नाय.”

याला म्हणतात देव पाण्यात घालणं. देवांनाच कोंडून कामाला लावायचं! तिचा मुलगा कोंडीराम लहानपणी तापानं फणफणला होता तेव्हा देव माझ्यात होते. मुलगा बरा झाला, देव सुटले. मला विचाराल तर ते आत नुसते गार पडून होते. पुतळाबाई मात्र माझ्या शेजारून हलली नव्हती.

पुढे कोंडीराम वीजघरात कामाला लागला. छप्पन्न सालानंतर आमच्या साऱ्या आळीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पुतळाबाईनंही घेतली, अगदी मनापासून घेतली. मग कोंडीरामनं टाक माझ्यात ठेवले, मला बगलेत मारलं आणि आईसह उल्हास नदीवर गेला.

“ज्या देवानं आपल्याला कदी पायरी चढू दिली नाय, त्यो नव्हताच, आये,” तो म्हणाला आणि त्यानं मला पाण्यावर उलटं केलं.

पुतळाबाई काठावर उभी होती. “नव्हताच, तर मग बुडवलास कुनाला रं?”

कोंडीरामनं मला पुन्हा बगलेत मारलं आणि तो घराकडे वळला. येताना मी हलकं झालं होतं, आणि खरं सांगायचं तर मला रडू येत होतं.

इथवर निभावलं असतं. पण पुतळाबाईच्या तोंडी भाषा जुनीच. कपडे धुताना ती बायांना सांगून बसली, “आमच्या कोंड्यानं देव पान्यात घातलं.” झालं! बायांनी त्याचा नेहमीचाच अर्थ घेतला. स्टेशनवर, बाजारात, जो भेटेल तो कोंडीरामला विचारू लागला, “काय रं, नवस कसला केलास?” देव मानणार नाही अशी शपथ घेऊन आलेला माणूस तो! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं आईशी बोलणंच टाकलं.

एका घरात राहून तो बायकोला, बुधीला सांगायचा, “आयेला म्हनावं, भाकर वाढ.” आणि आई चुलीपाशी, हातभर अंतरावर बसलेली असायची. तिचं तोंड एवढंसं व्हायचं. पावसाळा गेला, भात कापून झालं, तरी त्याचा राग जाईना.

अशात कोंडीरामची धाकटी पोर जिजा तापली. कोंडीराम आणि बुधी तिला घेऊन कर्जतच्या डॉक्टरकडे धावले. घरात पुतळाबाई एकटी. तिनं मला खाली घेतलं, चिंच लावली, पाणी भरलं. आत ठेवायला टाक नव्हते. तशीच ती माझ्याशेजारी बसली. नुसतंच पाणी, पण मला ते पूर्वीइतकंच जड वाटलं.

दिवस कलला तेव्हा मंडळी परतली. जिजा बापाच्या खांद्यावर बिस्किट खात होती. कोंडीरामनं मला पाहिलं आणि तो दारातच थबकला. आता हा मला लाथाडणार, असं मला वाटलं. पण त्याची नजर आईच्या सुकलेल्या ओठांवर गेली.

“आये, जेवलीस का?”

पुतळाबाईनं आधी जिजाचं कपाळ चाचपलं. मग मला उचलून सगळं पाणी दारच्या मिरच्यांना घातलं. “झालं काम,” ती म्हणाली.

कोंडीराम पुन्हा तापला. “सुईनं उतरलाय ताप. देवानं नाय!”

“ठावं हाय. ताप मी डाक्टरावर सोडला व्हता. तू बोलनं टाकलंस तवा नदीतल्या देवांना म्हनलं, माजं पोर माज्याशी बोललं पायजे.”

“म्हंजे देवानंच ऐकलं म्हन की!”

“देव कुटला रं? तू ऐकलंस.”

“मग आज पानी भरून कशाला बसलीस?”

“घर खायला उठलं व्हतं. कुटंतरी बसायला नको?”

कोंडीराम खाली बसला. कितीतरी दिवसांनी हसला. “आता त्यांना भायेर काढायला नदीत उडी मारू का?”

“ऱ्हाऊ दे,” पुतळाबाई म्हणाली. “येव्हाना पवायला शिकलं असतील.”

आता पुतळाबाई नाही. स्टीलची भांडी आली आणि मी माळ्यावर गेलं. मला मोडीत घालायचं निघालं की म्हातारा कोंडीराम आडवा येतो. देव नाही, हे तो आजही ठासून सांगतो, आणि शेजारी त्याच्याशी तावातावानं भांडतात.

मित्रांनो, तुम्हीही खुशाल भांडा. मला कधी घासलंत तर बरं वाटेल, नाही घासलंत तरी चालेल. पण भांडण कितीही मोठं असो, समोरचं माणूस जेवलं का, तेवढं विचारायचं सोडू नका. माझ्या मालकिणीनं देवाकडे शेवटचं मागितलं ते पोराचं बोलणं, आणि ते तिला याच प्रश्नातून मिळालं.