न धुतलेले दगड

“माझ्या दगडांना हात कोणी लावला?”

डोळ्याचं ऑपरेशन करून घरी आलेला माणूस आधी घोटभर पाणी मागतो. हा जुना बसड्रायव्हर चपला न काढता थेट परसातल्या तळ्याकडे गेला होता. तळ्याचं पाणी पंपानं वरच्या हौदात चढायचं, तिथल्या गोट्यांतून, लव्हाळ्यांच्या मुळांतून झिरपून नितळ होऊन परत यायचं. आज लव्हाळे उपटलेले होते, गोटे पांढरेफटक होऊन उन्हात वाळत होते आणि तळ्यात मासे उताणे तरंगत होते.

“मी घासले,” बायको म्हणाली. जन्मभर वॉर्डात नर्स होती ती. “केवढं शेवाळ! तुमच्या डोळ्यात जंतू गेले असते म्हणजे? ब्लीचिंग पावडर टाकली.”

“अगं, ते बुळबुळीत शेवाळच पाणी साफ करतं! हजारदा सांगितलं!”

“सांगता कुठे? ओरडता!”

एकच मासा वाचला होता, तिनं आधीच धुण्याच्या टबात काढून ठेवलेला. तांबडा. त्यांची लेक शेवटच्या आजारात, दवाखान्यात नेईपर्यंत, घरच्या खिडकीतून त्यालाच बघत पडून असायची. त्याच्याकडे नजर जाताच ड्रायव्हरचं डोकं आणखी फिरलं.

“हाही मरणार आता. मार, घासून मार!”

“पोरीला जंतूंनीच नेलं ना!” ती किंचाळली. “माझ्या वॉर्डात, माझ्या डोळ्यांदेखत!”

त्याचा राग उतरला नाही. डॉक्टरांनी वाकू नका म्हटलेलं असताना तो वाकून तळं उपसू लागला. नवं पाणी भरता येईल, पण शेवाळ मुरलेले गोटे आणायचे कुठून? असं तळं आणखी एकाकडेच होतं, पलीकडच्या गल्लीतल्या धाकट्या भावाकडे. यानंच पूर्वी त्याला बादलीभर गोटे दिले होते. पुढे भांडण झालं आणि बोलणं तुटलं.

“मेलो तरी त्याच्या दारात जाणार नाही,” तो पुटपुटला.

बायकोनं बादली उचलली आणि ती तरातरा गेली.

परत आली तेव्हा त्यानं तळ्यात नवं पाणी भरलं होतं, आणि तिची बादली हिरव्या, चिकट गोट्यांनी भरलेली होती, वर लव्हाळ्यांचा जुडगा. “भावजी म्हणाले, दादाचेच आहेत, आम्ही कधी धुतले नाहीत.” मग ती हौदाशी बसली. साधी भाजी निवडली तरी साबणानं दोनदा हात धुणारी ती बाई उघड्या हातांनी एकेक गोटा आत लावत गेली. शेवाळ पार कोपरापर्यंत ओघळलं.

“हात धू आता,” तो खेकसला.

“थांबा,” ती म्हणाली. “आधी मासा सोडू द्या.”