नऊ वर्षांच्या मुलीचं रक्त

"मॅडम, शुक्रवारपर्यंत सांगाल ना? सोमवारी त्या मुलीला किरण द्यायला सुरुवात करायचीय," कर्करोगाचा डॉक्टर फोनवर म्हणाला.

"पेशी वाढायला वेळ लागतो. दटावून त्या ऐकत नाहीत," बाई म्हणाल्या.

गुणसूत्रं तुटली की पेशी ती सांधते कशी, या एकाच प्रश्नामागे बाईंचं आयुष्य गेलं होतं. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमची सून न दिसणाऱ्या गोष्टींना ठिगळं लावते." बाईही हसायच्या. आजवर काही चुकलं तर फार तर एखादा शोधनिबंध परत यायचा.

आता समोर नऊ वर्षांच्या मुलीचं रक्त होतं. तिच्या मानेतली गाठ औषधांनी थोडी ओसरली होती, उरलेली किरणांनी जाळायची होती. पण मुलगी चालताना झोकांड्या खायची आणि तिच्या डोळ्यांत तांबड्या शिरा दिसायच्या.

"तुमच्या व्याख्यानात मला डुलकी लागली होती, खोटं कशाला बोलू?" डॉक्टर म्हणाला होता. "जाग आली तेव्हा तुम्ही अशाच एका मुलाबद्दल सांगत होतात. त्याच्या पेशींना तुटलेलं जोडताच येत नव्हतं."

अशा मुलांना नेहमीइतके किरण दिले, तर गाठीआधी मूलच जायचं.

प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर मुलीची आई येऊन बसायची.

"इथं बघण्यासारखं काही नाही हो. पेशी वाढतायत नुसत्या," बाई म्हणाल्या.

"वाढू देत. मी बसते."

तुलनेसाठी बाईंच्या हाताखालच्या मदतनीस तरुणीने स्वतःचं रक्त दिलं होतं. दोन्ही रक्तांवर थोडे किरण सोडले, पेशी काचपट्ट्यांवर पसरल्या आणि बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तरुणीची गुणसूत्रं बहुतेक धड होती. मग त्यांनी दुसरी पट्टी सरकवली. जिकडेतिकडे तुकडे, भलत्याच ठिकाणी चिकटलेली टोकं.

पेशीच खराब निघाल्या असतील तर? आपल्याला जे बघायचंय तेच आपण बघत असू तर?

"नावांवर कागद चिकटव आणि पट्ट्या पिसून दे," त्या तरुणीला म्हणाल्या. मग पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसल्या. कागद काढले तेव्हा तुटकी गुणसूत्रं जवळजवळ सगळी त्या नऊ वर्षांच्या मुलीच्या रक्तातली निघाली.

त्यांनी फोन लावला. "किरण नकोत."

"मॅडम, तुम्ही चुकला असाल तर गाठ पुन्हा वाढेल."

"माहीत आहे मला."

"लिहून द्याल?"

"देते. सही माझीच असेल."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "मग औषधंच चालू ठेवतो. तीही बेताबेतानं."

फोन ठेवून बाई हात धुवायच्या बेसिनपाशी गेल्या आणि त्यांना उलटी झाली. मदतनीस पाण्याचा ग्लास घेऊन उभी राहिली.

पुढचे कित्येक महिने फोन वाजला की त्या दचकायच्या. "अगं, पंखा दुरुस्तीवाला आहे," नवरा सांगायचा. एके दिवशी डॉक्टरचाच फोन आला. गाठ गेली होती. "चालणं मात्र सुधारायचं नाही," तो म्हणाला. "उलट बिघडतच जाईल."

"तिच्या आईला सांगितलंत?"

"सांगितलं. ती तुमच्याकडे यायचं म्हणतेय."

ती आली. मोठी मुलगी चाकांच्या खुर्चीत बसून खिडकीतून बघत होती. कडेवर धाकटी होती, नुकतीच पाऊल टाकू लागलेली.

"हे दुखणं आमच्याकडूनच आलंय म्हणे, तिच्या बापाकडून आणि माझ्याकडून," आई म्हणाली. "मग हिचं काय?"

"हिला ते नसण्याचीच शक्यता जास्त आहे," बाई म्हणाल्या. "हिचं रक्त आजच बघायला हवं असं नाही. हवं तर घरी विचार करा."

आईने धाकटीला खाली सोडलं. ती बाकाला धरून उभी राहिली, मग हात सोडून टेबलाकडे निघाली. दोघी तिच्या पावलांकडे बघत राहिल्या. मध्येच ती डगमगली आणि मटकन खाली बसली.

"या वयात सगळीच पोरं पडतात ना, मॅडम?"

"पडतात."

आईने तिला उचलून मांडीवर घेतलं आणि झबल्याची बाही वर सरकवली.