कंडरेच्या खणातलं हृदय

मला आयुष्यात एकच पत्र आलं, आणि त्याचं उत्तर मी दिलं नाही. मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पितळी नळी, तीन भिंगं आणि खाली एक आरसा, एवढाच माझा संसार. माझ्यासारख्याने स्वतःची गोष्ट सांगावी की नाही, मला खात्री नाही. आजवर मी दुसऱ्यांच्याच गोष्टी दाखवत आलो. पण ते पत्र मला स्वस्थ बसू देत नाही.

वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका लांबट खोलीत, खिडकीजवळ माझी जागा होती. वरून जिवंत माणसं माझ्या नळीला डोळा लावत. खाली काचपट्टीवर बहुधा मेलेली माणसं असत, पापुद्र्याहून पातळ कापलेली, गुलाबी-जांभळी रंगवलेली. दोघांच्या मधली वाट मीच. त्या वाटेवर इतकी वर्दळ झाली, की खोली रिकामी असली तरी मला कधी रिकामी वाटत नाही.

त्या पट्ट्यांनी मला माणूस शिकवला. एकाच कामाच्या पेशी एकत्र आल्या की त्यांची ऊती होते. अभिस्तर ऊती फरशा बसवाव्यात तशी घट्ट. त्वचेवर, तोंडात, आतड्यात ती पहारा देते. चेता ऊतीच्या पेशींना लांबच लांब शेपट्या. निरोप पोचवणं हे त्यांचं काम, आणि त्या बाबतीत त्या माझ्यापेक्षा खूपच बऱ्या. स्नायू ऊती तीन तऱ्हेच्या. हातापायांतली पट्टेदार, आपण सांगू तशी हलते. आतड्यातली बिनपट्ट्यांची, आपल्याला न विचारता राबते. हृदयातलीही पट्टेदारच, पण तिच्या तंतूंना फांद्या फुटतात, ते एकमेकांचे हात धरतात आणि कोणाचं ऐकून थांबत नाहीत. या सगळ्यांना बांधून ठेवते ती संयोजी ऊती. हाड, रक्त, चरबी, आणि स्नायूला हाडाशी बांधणारी पांढरी दोरी, म्हणजे कंडरा, ही सगळी तिचीच लेकरं. हृदयाचा तुकडा मेला तर तो पुन्हा उगवत नाही. ती रिकामी जागाही हीच ऊती आपल्या पांढऱ्या धाग्यांनी हळूहळू भरते. एवढं लक्षात ठेवा.

या पट्ट्या बनवणाऱ्याला सगळे 'पट्टीवाला' म्हणत. रोज सकाळी मऊ फडक्याने मला पुसताना तो विचारायचा, "काय रावसाहेब, झोप झाली का?" नळी वरखाली करणाऱ्या माझ्या चक्रावरचा काळा रंग त्याच्याच अंगठ्याने झिजला आहे. त्याची मुलगी चिमणी सुट्टीत यायची, स्टुलावर चढून कांद्याचा पापुद्रा बघायची आणि मला 'सूक्ष्मकाका' म्हणायची.

एक दिवस पट्टीवाला आला नाही. त्याचं हृदय बंद पडलं होतं. आपला देह याच खोलीला द्यावा, असं तो सांगून गेला होता.

त्याच्या जागी आलेल्या मदतनिसाने त्याच्या पट्ट्या केल्या. नियमाप्रमाणे काचेच्या कोपऱ्यात क्रमांक कोरायचा असतो. पण आपल्याच माणसाला क्रमांक द्यायला त्याचा हात धजावला नाही, त्याने सगळ्यांवर 'प' कोरला. पट्ट्या एकत्र वाळत पडल्या. अवयवाच्या नावाच्या कागदी चिठ्ठ्या चिकटवायच्या राहिल्या, आणि पुढे त्याने पट्ट्या भिंगाखाली न घालता, नुसतं बघून त्या चिकटवल्या.

मग ते पत्र आलं. पाकिटावर लिहिलं होतं, 'सूक्ष्मकाका, खिडकीजवळचं टेबल'. विभागाच्या बाईंनी ते माझ्याशेजारी बसून वाचलं.

"त्या दिवशी सकाळी मी बाबांशी भांडले. सहलीला पाठवत नव्हते म्हणून डबा फेकला आणि ते निघाले तेव्हा बोलले नाही. आत्या म्हणाली, पोरीने बापाचं काळीज फोडलं. आई म्हणते, तसं काही नसतं. पण आई समजूत घालते. तुम्ही बाबांना आतून पाहिलंय. माझ्यामुळे झालं का? समजूत घालू नका, खरं सांगा."

बाईंनी हृदयाच्या पट्ट्यांचा खण उपसला. 'प' कोरलेली पट्टी नव्हती. "फुटली असेल," मदतनीस म्हणाला. बाईंनी लिहायला घेतलेला कागद बाजूला सारला. न बघता काय लिहायचं? आणि 'तुझ्या बाबांचं हृदय आमच्याकडून हरवलं' हे तरी कसं लिहायचं? त्यांनी पत्र माझ्या पेटीत ठेवलं.

पट्टी कुठे होती, मला ठाऊक होतं. दरवर्षी कोणीतरी ती माझ्याखाली ठेवायचं, पांढरे धागे बघून वहीत 'कंडरा' लिहायचं आणि उठायचं. मला मात्र अगदी कडेला फांद्या फुटलेले पट्टेदार तंतू दिसत. ओरडावंसं वाटे. भिंगाला तोंड नसतं.

पुढे पडद्यांची नवी यंत्रं आली. माझी रवानगी कपाटात झाली, त्याच पेटीत, त्याच पत्रावर. अंधारात मला सारखं ऐकू येई, "समजूत घालू नका."

परवा बाई निवृत्तीआधी मदतनिसाला घेऊन खण लावायला बसल्या.

"अहो, कंडरेच्या खणात 'प'च्या दोन पट्ट्या कशा?"

"दोन कशा असतील? मी एकच कापली होती, टाचेची."

"मग ही दुसरी काय आकाशातून पडली?"

नवी यंत्रं वर्गात होती. बाईंनी मला बाहेर काढलं. त्यांचा अंगठा बरोबर त्या झिजलेल्या जागी बसला. पट्टी सरकली, कडेपर्यंत आली.

"बघा," बाई म्हणाल्या.

मदतनिसाने डोळा लावला. "पट्टे आहेत. फांद्या... अरे देवा! बाई, हे तर हृदय! मग हा एवढा पांढरा भाग?"

"व्रण आहे. जुना."

"किती जुना?"

"असा भरायला महिने लागतात. त्या सकाळच्या कितीतरी आधीचा." बाईंनी चष्मा काढला. "बाजारात ती पोरगी दिसली की मी रस्ता बदलते हो. आणि उत्तर इथे खणात पडलेलं."

"चिठ्ठी मी चिकटवली, बाई."

"दरवर्षी वाचली मी. भिंगाखाली ठेवून बघितलं नाही."

मग माझ्याच टेबलावर त्यांनी लिहिलं:

"चिमणे, तुझ्या बाबांच्या हृदयावर जुना व्रण आहे. तुमच्या भांडणाच्या कितीतरी महिने आधी ते दुखावलं होतं, आणि कोणालाच कळलं नव्हतं, त्यांनाही नाही. तुझ्या भांडणाने असा व्रण होत नाही. ही समजूत नाही, मी पाहिलंय. उशीर झाला, चूक आमची. ये, तूही बघ. तुझा सूक्ष्मकाका."

मित्रांनो, मी कोणाला उपदेश करावा एवढा मोठा नाही. एवढंच मागतो: काच पुसत जा, आणि चिठ्ठी वाचून उठू नका, कडेपर्यंत बघा. तिथे कोणीतरी ओळखलं जाण्याची वाट बघत असेल.

मदतनीस पाकीट घेऊन गेला. बाईंनी मला कपाटात ठेवलं नाही. माझ्यासमोर त्यांनी ते जुनं उंच स्टूल आणून ठेवलं, बोटांवर चिमणीची वर्षं मोजली, आणि मग ते बाजूला सारून साधी खुर्ची मांडली.

"टाकलंत?" मदतनीस दारात दिसताच त्यांनी विचारलं.

"टाकलं. तिकीट जास्तीचंच लावलंय. आता वाटेत अडकायला नको."