मागं पाहणारीचं मीठ

वाघांसाठी गाव उठवलं, तरी धुरपता दर उन्हाळ्यात मोहाचं पहिलं फूल जुन्या गावाकडं तोंड करून पेनाला, आपल्या गोंडांच्या देवाला, वाहायची. यंदा ते जावयानं, रोशननं, पाहिलं. तो नुकताच येशूच्या प्रार्थनेला जाऊ लागला होता. त्याचं डोकंच फिरलं.

"आत्या, बायबलात लोटाची बायको हाय. शहर जळत होतं. देवानं सांगितलं, मागं पाहू नका. तिनं पाह्यलं, अन् मिठाचा खांब झाली. देवाचं आयका, मागं पाहनं सोडा."

धुरपताच्या अंगाची लाहीलाही झाली. गाव उठवताना त्यांना ट्रकमध्ये भरणारे साहेबही हेच सांगत होते.

"तिच्या मागं कोन राह्यलं होतं?"

रोशन चाचरला. "तिचे होनारे जवाई. त्याईले खोटं वाटलं."

"म्हंजे बाई जवायापायी मीठ झाली, अन् जवाईच तिले नावं ठेवून राह्यला!"

चुलीवरची भाजी तिनं तशीच उतरवली आणि त्याच्या ताटात आदळली. पहिलाच घास अळणी लागला. रोशननं मिठाच्या डब्याकडं हात नेला.

धुरपतानं डबा ओढून घेतला.

"कोन्या तोंडानं खाता, जवाईबापू? सासू हाय थे."