पुढे गेलेलं घड्याळ

नेटवर्कवालीने आप्पांच्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड आपल्याकडे ओढला, तोच हुकूम पुन्हा टाइप केला आणि एंटर दाबलं. पडद्यावर तेच उत्तर आलं: नवे नियम लागू करता आले नाहीत. शेजारी स्टुलावर बसलेले आप्पा गालातल्या गालात हसले.

"माझ्यावरच गेलंय ते," ते म्हणाले. "सांगितलेलं ऐकायचं नाही."

पाणीपुरवठा कार्यालयातले सगळे कॉम्प्युटर तिच्या ताब्यात होते. तिने सर्व्हरवर एकदा नियम लिहिला की तो रोज यंत्र सुरू होताना आपोआप सगळ्या टेबलांवर पोचायचा. यावेळी वरून आदेश होता की सगळ्यांचे पडदे एकसारखे दिसावेत. एकच रंग, एकाच मापाचं अक्षर, आणि ते कुणाला बदलता येऊ नये. सगळी यंत्रं गुमान सरळ झाली. जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या आप्पांच्या पडद्यावर मात्र अक्षरं अजून बोराएवढी होती, आणि तिच्या अहवालात तेवढी एकच ओळ लाल. साहेबांनी त्या ओळीबद्दल दोनदा विचारलं होतं. तिलाही न सुटलेला बिघाड दातात अडकलेल्या कणासारखा छळायचा.

तिने केबल बदलली, यंत्र नेटवर्कमधून काढून पुन्हा जोडायचा घाट घातला. तेवढ्यात तिचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथलं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाच्या बरंच पुढे होतं. वेळ जुळली नाही की सर्व्हर यंत्राला ओळखच देत नाही, दारातूनच परत पाठवतो. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं म्हणत तिने घड्याळ चालवणारी आतली छोटी बॅटरी बदलली आणि वेळ लावली. नियम लगेच आले. अक्षरं खसखशीएवढी झाली. आप्पा खुर्ची पडद्याजवळ सरकवून बसले.

दुसऱ्या दिवशी ओळ पुन्हा लाल. नवी कोरी बॅटरी घातल्यावर घड्याळ आपणहून पुढे पळत नाही, एवढं तिला कळत होतं. म्हणून पुढच्या सकाळी ती कार्यालय भरण्याआधीच आली.

आप्पा तिच्याही आधी आलेले होते. यंत्र सुरू होताना जो निळा पडदा येतो त्याला नाक टेकवून ते एकेक बटण दाबत घड्याळ पुढे नेत होते. पाठीमागे पावलं वाजली तरी त्यांनी मान वळवली नाही.

"मागे बॅटरी गेली होती तेव्हा कळलं," ते म्हणाले. "वेळ चुकली की तुझे नियम येत नाहीत. अक्षर मोठं राहतं."

मग त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. नजरेच्या मधोमध धूसर डाग आला होता आणि चष्म्याने तो जाणारा नव्हता. मोठ्या अक्षरात त्यांचा एक आकडा चुकत नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं.

"आप्पा, मला सांगायचंत. तुमच्यापुरती सूट दिली असती."

"सूट द्यायला साहेबांची सही लागते. आणि सहीला कारण लागतं."

पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. हात थरथरू लागलेल्या टायपिस्टला असंच कारण लिहून, मोठ्या मानाने, गोदामात खोकी राखायला बसवलं होतं. तो माणूस तिथे बोलायचाच बंद झाला. आप्पांना त्या खुर्चीची धास्ती होती. आणि ते बारीक अक्षर तिने स्वतः, कुणालाही न विचारता, चहा पिता पिता निवडलं होतं. तिला फार वाईट वाटलं.

ती वर आपल्या जागेवर गेली आणि नियम उघडला. अक्षराचा आकार वाढवला, एकट्या आप्पांसाठी नव्हे, सगळ्यांसाठी. मग खाली येऊन तिने आप्पांचं घड्याळ बरोबर लावून दिलं. ओळ हिरवी झाली.

आता फोनवर फोन येणार, हे तिने गृहीत धरलं होतं. दुपारपर्यंत एकही आला नाही. काही निमित्त काढून तिने एक फेरी मारली. बिलं बघणाऱ्या बाई रोज पडद्यावर ओणव्या असायच्या, त्या आज खुर्चीला टेकून बसल्या होत्या.

जेवणानंतर साहेबांचं बोलावणं आलं. चूक झाली, लगेच पूर्ववत करते, हे वाक्य ती जिन्यातच घोकत गेली.

साहेब पडद्याकडे बघत होते. तिला पाहताच त्यांनी फायलीखालचं भिंग उचलून खणात टाकलं.

"अक्षर मोठं केलंस."

"हो सर. चुकून..."

"कुणाची तक्रार?"

"नाही."

"मग राहू दे." त्यांनी खण लावला. "अहवालात नुसता बदल लिही. कारण लिहू नकोस."