चुकलेल्या ओळीखालचा ठिपका

जेवणानंतरची वेळ, सभागृहाचे पडदे ओढलेले, आणि गणिताच्या बाईंना झोप अनावर झालेली. शाळेतल्या झाडून सगळ्या शिक्षकांना मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, दोन चित्रपटांतले प्रसंग बघायला बसवलं होतं. पहिल्यातला मास्तर पुस्तक मिटून मुलांना टेकडीवर नेई, गाणी म्हणे, रडणाऱ्याचे डोळे पुसे. दुसऱ्यातला वह्या भिरकावी, मुलांच्या तोंडाला फेस आणी आणि शेवटी त्याच मुलांना जिंकून दाखवायला लावी. दोन्हीकडे शेवटी टाळ्याच टाळ्या. पण दोघांपैकी एकानेही अख्ख्या चित्रपटात एक वही तपासली नाही. घरी त्यांचा स्वयंपाक कोण उरकत होतं, तेही शेवटपर्यंत कळलं नाही.

नंतर कागद वाटले. 'यांपैकी तुम्ही कोणासारखे? का?' विज्ञानाच्या नव्या सरांनी पहिल्या मास्तरावर दोन पानं भरली. बाईंचा कागद कोराच राहिला.

"बाई, सोमवारी तपासणीचे साहेब येतायत," मोठ्या बाई जाता जाता म्हणाल्या. "तुमचा पाठ बघतील. 'ड' तुकडी तुमच्याकडे ठेवायची की नव्या सरांकडे द्यायची, ते त्यावर ठरेल. जरा जीव ओता हो त्यात! तुमच्या तासाला मुलं नुसती माना खाली घालून बसलेली असतात."

बसलेली असतात, खरंच आहे. 'ड' म्हणजे गेल्या वर्षी गणितात आपटलेली एकतीस मुलं. परीक्षेला तीन महिने उरले होते, आणि या वेळीही गचकली तर त्यांतल्या निम्म्यांची शाळा सुटणार हे घरोघरी ठरलेलं होतं. बाई त्यांच्या वह्या घरी नेत आणि चुकलेल्या गणितावर कधी काट मारत नसत. गाडी जिथे रुळावरून घसरली असेल त्या ओळीखाली हिरव्या पेनने एक ठिपका देत, बस. काय चुकलं ते मुलाने स्वतः शोधायचं. वही परत देताना बाई एवढंच विचारत, "सापडलं?" आणि मुलं माना खाली घालून शोधत बसत. याचा चित्रपट कोण काढणार?

"जाऊ दे ना ती तुकडी," त्या संध्याकाळी नवरा म्हणाला. "सत्तावीस वर्षं झाली. आरशात बघितलंस का स्वतःला?"

बघितलं होतं. खरं सांगायचं तर तुकडी जावी असं बाईंच्या मनाच्या एका कोपऱ्याला वाटत होतं. पण मुलं आता कुठे पहिली ओळ ओलांडून तिसऱ्या-चौथ्या ओळीपर्यंत न चुकता पोचू लागली होती. मधेच माणूस बदलला तर ती पुन्हा पहिल्या ओळीवर येतील, या विचाराने त्यांना धड झोपही लागली नाही.

म्हणून सोमवारी बाईंनी नको तो शहाणपणा केला. मागच्या बाकावर साहेब आणि मोठ्या बाई बसल्या होत्या. बाईंनी पुस्तक मिटलं, टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि गोड हसल्या. "आज आपण गणिताशी गप्पा मारूया हं!"

वर्ग भेदरला. "बाई, बरं नाहीये का?" पुढच्या बाकावरच्या मुलाने काळजीने विचारलं.

बाईंचा चेहरा पडला. मग त्यांना दुसरा मास्तर आठवला. त्यांनी डस्टर टेबलावर दाणकन आपटलं, "लक्ष कुठे आहे?" म्हणून ओरडल्या आणि फळ्यावर समीकरण लिहिलं: तीन गुणिले कंसात क्ष वजा चार, बरोबर दोन क्ष अधिक पाच. भराभर पायऱ्या लिहीत खाली आल्या. उत्तर आलं नऊ.

मुलं माना खाली घालून ते वह्यांत उतरवू लागली. साहेबांचं पेन मात्र थांबलं.

तेवढ्यात हळूबाई उठली. ती सगळंच हळू करायची म्हणून वर्गाने तिला ते नाव ठेवलं होतं, आणि वर्षभरात तिने तासाला एकदाही तोंड उघडलं नव्हतं. ती फळ्यापाशी आली, खडू उचलला, दुसऱ्या ओळीखाली एक ठिपका दिला आणि बाजूला उभी राहिली.

बाई फळ्याकडे बघत राहिल्या. आधी काही दिसेचना. डोळे चोळले. मग दिसलं. कंस सोडवताना तिनाने क्ष ला गुणलं होतं, चाराला गुणायचं राहूनच गेलं होतं. मुलांची ही चूक त्यांनी शेकडो वेळा पकडली असेल.

"सापडलं, बाई?" हळूबाईने हळूच विचारलं.

"सापडलं गं," बाई म्हणाल्या, आणि सगळ्यांसमोर त्यांचे डोळे भरून आले.

साहेबांनी वहीत लिहिलं, 'शिक्षिकेची चूक विद्यार्थिनीने दाखवली. विषयावर पकड नाही.' दोन दिवसांनी 'ड' तुकडी नव्या सरांकडे गेली.

त्या दिवशी बाई घरी लवकर पोचल्या, पिशवीत एकही वही नव्हती. दुपारी झोपल्या त्या दिवे लागेपर्यंत. उठल्यावर बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत नवे सर वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून शिक्षकांच्या खोलीत आले. टेकडीवरची गाणी कुठल्या कुठे पळाली होती.

"बाई, पोरं ऐकतच नाहीत. काट मारली की वही परत आणून ठेवतात. म्हणतात, ठिपका द्या. मी देऊन बघितला." ते ओशाळले. "उत्तर चुकलंय हे मला दिसतं हो. पण गाडी घसरली कुठे, ते कळत नाही."

नाही म्हणावं असं बाईंना फार वाटलं. पाठ दुखत होती, चहा निवत होता. त्यांनी वरची वही ओढली, सरांच्या ठिपक्यावरून नजर फिरवली, ती दोन ओळी वर नेली आणि तिथे आपला हिरवा ठिपका देऊन वही सरांपुढे ढकलली.

"काय चुकलं?" सरांनी विचारलं.

"सापडलं की उठवा," बाई म्हणाल्या, आणि टेबलावर डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले.